बाबा, त्या सॉफ्टनरवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका

आई, बाबा,

त्या सॉफ्टनरवाल्याचं, जड पाणी मऊ करायचं मशीन पूर्ण घराला घ्यायला तुम्ही निघाले, ते नको. फोनवर हे सांगायला गेली की बाबा तुम्ही "हो हो, बरं बरं" करून फोन आईकडे देता, म्हणून लिहूनच पाठवून राहिली. लहान्याला प्रिंट काढून द्यायला सांगा, नाहीतर आई तूच वाचून दाखव, यांचा चष्मा सापडेल तेव्हा सापडेल.

विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट लहान्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तो नीट पाहिला. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९४०, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) ५२०, नायट्रेट ६८, सगळे आकडे लिटरमागं मिलिग्रॅममध्ये, फ्लोराइड ०.६, लोह नसल्यासारखंच, आणि एकदम खाली बॅक्टेरियाच्या रकान्यात "आढळले" असं लिहिलंय. आता तो सॉफ्टनरवाला पोट्टा यातला एकच आकडा धरून बसला, हार्डनेसचा, कारण त्याच्याजवळ विकायला औषध तेवढंच आहे.

पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक आहे ना, आयएस १०५००, त्यात हार्डनेस २०० पर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसली तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आपलं ५२० जड आहे, खूप जड आहे, पण ते विष नाही. नायट्रेटचं तसं नाही, तिथं ४५ म्हणजे ४५, वर सूट नाही, आणि आपलं ६८ आहे. जंतू तर १०० मिलीमध्ये एकही नको. म्हणजे जे डोळ्याला दिसते, बादलीचा पांढरा थर, साबणाचा फेस न येणं, सोलर हीटरच्या नळाची धार बारीक होणं, त्याच्यावर तुम्ही पन्नास हजार लावायला निघाले आणि जे दिसत नाही ते तसंच पोटात जाऊन राहिलं.

पाणी जड आहे यात विहिरीचा दोष नाही. आपल्या आर्वीकडच्या भागात खाली काळा पाषाण, त्यातून झिरपत येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच येणार. मावशीकडं दर्यापूरला खारपाणपट्टा, तिथं दुखणं मिठाचं. यवतमाळच्या काही गावांत फ्लोराइडचं. म्हणून मावशीच्या शेजाऱ्यानं काय बसवलं ते आपल्याला उपयोगाचं नाही, आपल्या विहिरीचा रिपोर्ट पाहूनच ठरवा.

त्यानं ओसरीवर जो खेळ करून दाखवला ना, दोन ग्लास, त्यात वायरच्या कांड्या, विहिरीचं पाणी दोन मिनिटात तपकिरी गढूळ आणि त्यानं आणलेलं आरओचं (बारीक पडद्यातून क्षार गाळलेलं) पाणी तसंच स्वच्छ, आणि आई तू घाबरून मला फोन केला, त्यात काही नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून करंट जातो, करंट गेला की लोखंडाची कांडी झिजते आणि तो गाळ म्हणजे त्या कांडीचाच गंज. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून करंट नीट जात नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. पुढच्या वेळेस आला की त्याच्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता लाव बटण. तोही ग्लास गढूळ होते का नाही पाहा. मग त्याचं तोंड पाहण्यासारखं होईल. (मला तेव्हा व्हिडिओ कॉल करा, सोडायचं नाही हे.)

आता सॉफ्टनर म्हणजे काय ते. टाकीत बारीक मण्यांसारखं रेझिन असते, पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम मॅग्नेशियम तिथं अडकते आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरते. बस, अदलाबदल. टीडीएस कमी होत नाही, नायट्रेट तसंच राहते, जंतू तसेच राहतात. रेझिन भरलं की मिठाचं पाणी सोडून धुवावं लागते. मी हिशोब लावला, रोज ५०० लिटर पाणी आणि २५ लिटर रेझिन धरलं तर चार-पाच दिवसांनी एक धुणी आणि दर धुणीला तीन-चार किलो जाडं मीठ. महिन्याला वीस-पंचवीस किलोचं पोतं. ते पोतं उचलून टाकणार कोण, बाबा? तुमची कंबर? आणि त्या धुणीचं खारं पाणी जाणार मोरीच्या नालीत, नाली जाते विहिरीच्या बाजूनं, म्हणजे फिरून आपल्याच पाण्यात.

पिण्याचं तर त्याहून वाईट. ५२० हार्डनेस पूर्ण काढला तर लिटरमागं साधारण २४० मिलिग्रॅम सोडियम वाढते. चहा, वरण, पिणं मिळून तीन लिटर पोटात गेलं तर मिठाच्या हिशोबानं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ जास्तीचं. बीपीसाठी डॉक्टरांनी तुमचं लोणचं बंद केलं, पापड बंद केला, आणि आपण नळातून मीठ सुरू करायचं का?

अजून एक, ते बागेचं. न्हाणीचं पाणी आपण केळी आणि भाजीच्या वाफ्याला सोडतो. सॉफ्टनरचं सोडियमवालं पाणी आपल्या काळ्या मातीत रोज गेलं की माती चोपण होते, पाणी मुरत नाही, वरून ढेकळं घट्ट बसतात. शेतकऱ्याला हे मी काय सांगू, तुम्ही खारवट जमिनी पाहिल्याच आहेत. म्हणून "पूर्ण घराला एकच मशीन" हे जे तो म्हणून राहिला ते मला बिलकुल पटत नाही. ढोरांच्या हौदाला कायले पाह्यजे सॉफ्टनर?

मग करायचं काय. आधी विहीर, मशीन नंतर. जंतू वरून येऊन राहिले, विहिरीच्या ओट्याला जी चीर गेली ना त्यातून सांडलेलं पाणी परत आत जाते, ते सिमेंटनं बुजवून घ्या आणि ओट्याला बाहेरच्या अंगाला उतार द्या. उकिरडा विहिरीपासून निदान पन्नास फूट तरी लांब पाहिजे, आपला पंधरा-वीस पावलांवर आहे, नायट्रेट तिथूनच येत असेल, शिवाय संत्र्याच्या बागेतला युरियाही. बाबा, मला माहीत आहे तो उकिरडा तिथं आजोबांच्या काळापासून आहे. तरी हलवा.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो त्याच्याकडं मिळेल, डबा घट्ट झाकणाचा पाहून घ्या, उघडा राहिला की त्यातला क्लोरीन उडून जाते आणि मग तुम्ही नुसता चुना टाकता. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. आपली विहीर साडेतीन मीटर रुंद, आता पाणी पाच मीटर असेल तर पाणी झालं ४८ हजार लिटर, म्हणजे १२० ग्रॅम, चहाच्या चमच्यानं अंदाज करू नका, किराणावाल्याकडून मोजून आणा. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, दहा मिनिटं ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळलेलं पाणीच विहिरीत सोडा. खालचा गाळ विहिरीत टाकू नका, तो चुना आहे, तो टाकला तर हार्डनेस अजून वाढेल आणि मग परत तो सॉफ्टनरवाला खूश. रात्रीचं पाणी भरणं झाल्यावर करा, निदान एक तास लागतो, सकाळपर्यंत तर निवांत. सकाळी जलसुरक्षकाला ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन तपासायची) करायला लावा, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे.

टीसीएलनं जंतू जातील, नायट्रेट जाणार नाही. आणि आई, उकळूनही जात नाही, उलट पाणी आटते म्हणून थोडं वाढते. पातेल्याच्या बुडाशी पांढऱ्या पापड्या धरतात ना, तो हार्डनेसचा काही भाग खाली बसतो, तेवढाच फायदा. वहिनी येते तेव्हा लहान्याच्या बाळासाठी पावडरचं दूध करायचं असलं तर विहिरीचं पाणी उकळून सुद्धा वापरू नका, इतक्या लहान बाळाला नायट्रेटचा त्रास होतो, रक्तात ऑक्सिजन नीट पोचत नाही, ओठ निळे पडतात. तेवढे दिवस गावातल्या आरओची कॅन आणा.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी स्वयंपाकघरात साधा छोटा आरओ बसवा, नायट्रेटला घरगुतीत तोच सोयीचा उपाय. पण बसवणाऱ्याला दोन गोष्टी विचारजा. एक, त्यात टीडीएस वाढवायचा व्हॉल्व्ह असतो, चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतात, तो बंद ठेवायला लावा, नाहीतर गाळलेलं नायट्रेट मागच्या दारानं परत येते. दोन, आपल्या हार्डनेसनं मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळायचा पडदा, लवकर चोक होते, तर अ‍ँटीस्केलंटची कांडी (थर धरू न देणारी) पुढं लावून द्या म्हणावं आणि मेम्ब्रेन कितीला बदलणार ते आजच लिहून घ्या. एक लिटर पाण्यामागं दोन-तीन लिटर वाया जाते, ते फेकू नका, भांडी घासायला आणि फरशी पुसायला चालते, झाडांना मात्र रोज नको. बसवल्यावर महिन्यानं त्या आरओच्या पाण्याचं नायट्रेट तपासून घ्या, लहान्या तालुक्याच्या लॅबमध्ये नेईल. पेनासारखं टीडीएस मीटर घेऊन कोणी "पाहा ७० आला" म्हणेल तर त्यात ना नायट्रेट कळते ना जंतू.

जड पाण्याचं काय, तर न्हाणी-धुण्यापुरता स्वस्तातला मार्ग आहे. कपडे भिजवताना धुण्याचा सोडा टाका, कॅल्शियम खाली बसते आणि साबण कमी लागतो, सुती कपड्यांना छान, आई तुझ्या चांगल्या साड्यांना नको. हीटरच्या कॉइलवरचा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला की निघतो, प्लग काढून बरं का. पाइपला चुंबक लावा, हार्डनेस गायब, असं कोणी सांगायला आलं तर चहा पाजून परत पाठवा, पाण्यातलं कॅल्शियम त्यानं कुठं जात नाही.

सोलरचं मात्र मलाही वाटते, तिथं थर बसतो तो महागात पडतो. तर पुढच्या वर्षी कापसाचे पैसे हातात आले की फक्त सोलर आणि न्हाणीच्या लाइनवर लहान सॉफ्टनर बसवू, स्वयंपाकघर, हौद आणि बाग त्याच्या आधीच वेगळी काढून. तेव्हाही धुणीच्या खाऱ्या पाण्याला विहिरीपासून लांब जागा आधी ठरवायची. तोवर पावसाळ्यात पत्र्याचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं का ते मी पाहून राहिली, पावसाचं पाणी मऊ असते, त्यानं थोडं पातळ होईल, पण पहिल्या पावसाचं सोडायचं नाही, पत्र्यावर चिमण्या-कबुतरांची घाण असते.

सोमवारी तो पोट्टा आला की "मोठीला विचारतो" म्हणा आणि त्याच्या फोनवरून मला लावून द्या. अ‍ॅडव्हान्स नाही, सहीही नाही. आणि बाबा, टीसीएल कालवताना तोंडाला दुपट्टा बांधा, वारा तोंडावर येईल अशी बादली ठेवू नका, डोळ्यात गेलं तर फार झोंबते. हे काम लहान्या आल्यावर केलं तरी चालेल, पण तुम्ही थांबणार नाही हे मला माहीत आहे.

तुमची मोठी

ता.क. आई, तुरीची डाळ शिजत नाही म्हणून तू खायचा सोडा टाकते ना, तो बंद कर, त्यात पण सोडियमच आहे आणि डाळीतलं जीवनसत्त्वही जाते. कॅल्शियममुळं डाळ कडक राहते, आरओच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात कुकर लाव आणि किती शिट्ट्या लागल्या ते मला सांग.