डेटा सेंटर आणि शीतकरणाची अट

महोदय,

डेटा सेंटरांना, म्हणजे माहिती साठवणारे असंख्य संगणक एकत्र चालवणाऱ्या केंद्रांना, गोव्यात थारा नको, असे मांडणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. त्यातील वीज-पाण्याची चिंता रास्त असली तरी निष्कर्ष घाईचा वाटतो. संगणकांवरील भार आणि बाहेरचे हवामान पाहून पुढील तासाभराच्या तापमानाचा अंदाज बांधणारी व त्यानुसार पंखे, पंप आणि चिलर (पाणी थंड करणारी यंत्रे) आधीच जुळवून घेणारी यंत्रणा उपलब्ध असून, अशा पद्धतीने शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचल्याचे गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले होते. आपल्या दमट हवेत (पावसाळ्यात तर विचारूच नये) बाष्पीभवनाचा थंडावा तोकडा पडतो, त्यामुळे तितकीच बचत येथे गृहीत धरता येणार नाही. म्हणूनच सरकारने सरसकट नकार न देता, शीतकरणाच्या वीज-पाण्याचा हिशेब दरमहा जाहीर करण्याची अट परवान्यातच घालावी.

— एक वाचक, पर्वरी