प्रश्न पडले म्हणजे विश्वास कमी, असं कुठे लिहिलंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांमध्ये एक पत्र आलं होतं, श्रद्धा खरी असेल तर माणसाला प्रश्न पडतच नाहीत, सगळ्या धर्मांचं हेच सांगणं आहे, अशा अर्थाचं. बाकीच्या धर्मांचं त्या त्या लोकांनी बघावं पण आमच्याबद्दल मात्र हे बरोबर नाही असं मला वाटतं, म्हणून लिहितेय. मोबाईलवर टाइप करतेय, ऱ्हस्व दीर्घ सांभाळून घ्या.

आधी ओळख. मी इंदूरची, वय 58, मराठी आणि ख्रिस्ती. हे दोन शब्द एकत्र ऐकले की इथले लोक अजूनही दोन सेकंद थांबतात, मग विचारतात "म्हणजे केरळच्या का?" नाही हो. आजोबा नगरकडून इकडे आले, मालवा मिलमध्ये लागले आणि इथेच राहिले. घरात मराठी, बाहेर हिंदी, सकाळी पोहे जलेबी आणि रविवारी चर्च. तिसरी पिढी आमची इथे.

तर झालं असं की यंदा उन्हाळ्यात आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. 81 वर्षांची बाई. ऑपरेशन झालं, नंतर इन्फेक्शन, मग परत भरती, एकूण 23 दिवस आम्ही हॉस्पिटलात. भेटायला खूप लोक यायचे आणि त्यात ओळखीतले एक गृहस्थ आले, नाव नको, प्रार्थना वगैरे छान केली आणि जाताना मला कॉरिडॉरमध्ये हळूच म्हणाले, ताई विश्वास कुठेतरी कमी पडतोय बघा, नाहीतर जखम अशी चिघळली नसती. मी काही बोलले नाही. चहाचा कप हातात होता तो तसाच गार झाला. आईचा विश्वास कमी? जी बाई 60 वर्षं पहाटे उठून गुडघे टेकते तिचा? की माझा? आणि माझा कमी असेल तर शिक्षा तिला का?

आमच्याकडे भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतं, रोजचं एक वचन. मी लहानपणापासून बायबल तसंच वाचलं, एक एक वाक्य सुटं सुटं. त्या रात्री झोप येईना म्हणून आईच्या पिशवीतलं बायबल काढलं आणि मार्काचं शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक, मार्क, मत्तय, लूक, योहान अशी चार आहेत. त्या चारातलं सगळ्यात छोटं, 16 अध्याय, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात आधी लिहिलेलं, इ.स. 70 च्या आसपासचं. सलग मोठ्याने वाचलं तर दीड तासाच्या आसपास लागतो. मी आईसाठी म्हणून हळू आवाजात वाचत होते, तर शेजारच्या बेडवरच्या पेशंटबरोबर देवासची एक बाई होती ती पण सरकत सरकत जवळ आली. तिला मराठी समजायचं थोडंफार, माहेर बऱ्हाणपूरकडचं होतं म्हणे. जिथे अडेल तिथे मी हिंदीत सांगायचे. दर पानाला तिचं एकच, "फिर क्या हुआ?" नर्स दोनदा रागावून गेली, म्हणून मग आम्ही तीन रात्री थोडं थोडं वाचलं.

आणि खरं सांगते, 58 वर्षांत चर्चमध्ये जे कानावरून गेलं होतं ते त्या तीन रात्रींत पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्याच अध्यायात ती गोष्ट आहे, लकवा मारलेल्या माणसाला चार जण खाटेवर घालून आणतात, दारात गर्दी, आत शिरता येत नाही, म्हणून ते घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. (ते छप्पर नंतर कोणी दुरुस्त करून दिलं हे मार्क सांगत नाही, घरमालकाचं काय झालं असेल मला फार वाटतं.) तर तिथे वाक्य असं आहे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. त्या आजारी माणसाने तोपर्यंत तोंडसुद्धा उघडलेलं नाहीये, त्याचा विश्वास किती होता कोणी मोजलाच नाही. आई पडली त्या दिवशी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, तर माझा भाऊ, भाचा, खालचा किराणावाला आणि एक स्विगीवाला पोरगा जो डिलिव्हरी द्यायला आला होता, असे चौघे तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून तीन मजले खाली घेऊन आले. त्यातला चर्चला जाणारा एकटा भाऊ, तो पण ख्रिसमसला. मी ते वाचता वाचता थांबले आणि आईकडे बघितलं, तिला पण तेच आठवलं होतं.

मग पाचवा अध्याय. याईर म्हणून सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराचा, एक अधिकारी, त्याची 12 वर्षांची मुलगी मरायला टेकलेली, तो येशूला घेऊन घाईघाईने निघालाय. आणि वाटेत 12 वर्षं रक्तस्रावाने हैराण झालेली एक बाई मागून गर्दीतून येऊन त्याच्या कपड्याला हात लावते. मार्क लिहितो की तिने पुष्कळ वैद्य केले, होतं नव्हतं ते सगळं खर्च केलं आणि गुण तर नाहीच, उलट जास्त बिघडलं. हे ऐकून देवासच्या बाईने कपाळाला हात लावला, म्हणाली ये तो हमारी ही कहानी है. गंमत म्हणजे लूक, जो स्वतः वैद्य होता असं मानतात, तो हीच गोष्ट सांगताना "जास्त बिघडलं" हे गाळून टाकतो. आपल्या धंद्यातल्या लोकांना सांभाळून घेतलं असणार!

पण माझं लक्ष याईरवर होतं. येशू थांबलाय, माझ्या कपड्याला कोण शिवलं विचारतोय, शिष्य म्हणतायत एवढी गर्दी अंगावर येतेय आणि तुम्ही काय विचारताय, आणि तो बाप तिथे उभा. त्याला काय वाटत असेल. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या कुणालाही विचारा. आणि तेवढ्यात घरून माणसं येतात, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, येशू घरी जातो, रडणारे लोक त्याला हसतात, तो मुलीचा हात धरून तिच्याच बोलीत म्हणतो, तलिथा कूम, मुली ऊठ. ती उठते, चालायला लागते. सगळे थक्क. आणि येशू काय म्हणतो, तर हिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला आणि ह्याचं लक्ष पोरीला भूक लागली असेल ह्याच्याकडे! आईने मला विचारलं, काय दिलं असेल गं तिला? मी म्हटलं लिहिलेलं नाहीये. तर म्हणाली, पेज दिली असणार, इतक्या दिवसांच्या आजारातून उठल्यावर लगेच भाकरी पचते का. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून मऊ भात मागितला, आठ दिवसांत पहिल्यांदा. ह्यातून काही सिद्ध होतं असं म्हणत नाहीये मी, जे झालं ते सांगतेय.

आणि त्या गृहस्थांसाठी नवव्या अध्यायातला बाप आहे ना. मुलाला झटके येतात, आगीत पाण्यात पडतो, शिष्यांना काही जमलेलं नाही. तो येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. "असेल तर" म्हणतो! आणि मग ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला पण तुम्हीच हात द्या. दोन्ही एका दमात. येशू त्याला असं म्हणत नाही की जा, आधी विश्वास पूर्ण भरून आण मग बघू. मुलगा बरा होतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर अजून सरळ आहे, जन्मापासून आंधळा माणूस बघून शिष्य विचारतात पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो ह्याचं पण नाही, आईबापाचं पण नाही. नववा अध्याय, तिसरी ओळ. कॅलेंडरवर हे वचन मी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

आता पत्रलेखकांचा मुद्दा, प्रश्न पडत नाहीत वाला. मार्कात क्रुसावर येशूचं शेवटचं बोलणं काय आहे माहितीये? एलोई एलोई लमा सबखथनी, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. मार्क ग्रीकमध्ये लिहितोय पण हे वाक्य त्याने जसं बोललं गेलं तसं अरामी भाषेत ठेवलं आणि मग अर्थ दिला. हा बायबलमधल्या स्तोत्र 22 चा पहिला चरण आहे आणि ते स्तोत्र पुढे आशेकडे जातं हे मला पण माहीत आहे, पाळक लोक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, लगेच सांगतात. पण त्या घडीला तोंडात आलं ते "का" आहे. मग आमच्या तोंडात आलं तर एवढं काय बिघडलं?

आणि मराठी माणसाला हे नवीन थोडीच आहे. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, जनाबाई तर त्याला सरळ विठ्या म्हणून शिव्या घालते, तिला कोणी नास्तिक म्हटलं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले ते म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, म्हातारपणी, हिब्रू ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते साध्या बायकांना आपलं आपण वाचता यावं म्हणूनच ना? नुसतं मान डोलवायची असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता.

सोपं आहे असं मात्र मी म्हणत नाही. लूकात क्रुसावरचा येशू म्हणतो, बापा त्यांना क्षमा कर. हे वाचलं की इंदूरकरांना सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन, आठवायला हव्यात. 25 फेब्रुवारी 1995, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत होत्या म्हणून. मारणारा जेलमध्ये असताना त्यांची धाकटी बहीण, ती पण सिस्टरच, तिथे जाऊन त्याला राखी बांधून आली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच चर्चने राणी मारियांना धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं तेव्हा आई आणि मी गेलो होतो, गर्दीत लांब कुठेतरी बसलो होतो. ते राखीचं मला आजपर्यंत झेपलेलं नाही. मला तर अजून कॉरिडॉरमधल्या त्या गृहस्थांना माफ करता आलं नाहीये आणि त्यांनी तर फक्त एक वाक्य बोललं होतं.

तिसऱ्या रात्री मार्क संपला. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये तो 16 व्या अध्यायाच्या आठव्या ओळीवरच थांबतो, पुढच्या ओळी नंतर जोडल्यात असं अभ्यासक म्हणतात, म्हणून मी पण तिथेच थांबले. तीन बायका पहाटे येशूच्या कबरेकडे जातात, धोंडा सरकलेला, आत पांढऱ्या झग्यातला तरुण सांगतो तो उठला आहे, जा आणि शिष्यांना सांगा. आणि त्या थरथर कापत पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत. बस.

देवासची बाई माझ्याकडे बघत राहिली. "किसी को बताया ही नहीं? तो फिर बात फैली कैसे?"

मला पटकन उत्तर सुचेना. आई डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपलीय. तशीच म्हणाली, "अगं तीन बायका होत्या. किती दिवस गप्प बसतील?"

आपली एक वाचक,
इंदूर