मंत्री महोदय, फळबाजाराला पिण्याच्या पाण्याचा नळ द्या

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बाजारातील ताज्या फळांचे जंतुदूषण आणि विक्रेत्यांसाठी शुद्ध पाण्याची सोय

महोदय,

दर उन्हाळ्यात आपल्या खात्याचे अधिकारी आंब्याच्या गोदामांवर छापे घालतात आणि कॅल्शियम कार्बाइड जप्त केल्याच्या बातम्या छापून येतात. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे आणि ही कारवाई व्हायलाच हवी. परंतु सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात ज्या बाईचे उभे आयुष्य गेले, तिला या छाप्यांच्या धामधुमीत एक गोष्ट सतत खटकत राहते. फळांतून पोटात जाणाऱ्या जंतूंचा उगम नाक्यानाक्यावर उघड्या डोळ्यांना दिसत असताना त्याची झडती कोणी घेत नाही. हा उगम म्हणजे विक्रेत्याजवळचे पाणी.

गेल्या एप्रिलमध्ये एका बसस्थानकाबाहेर कलिंगडाच्या हातगाडीपाशी मी बराच वेळ उभी होते. गाडीखाली एक बादली होती आणि तिच्यातले पाणी दुपारपर्यंत गढूळ होऊन त्यात बिया तरंगत होत्या. विक्रेता त्याच पाण्यात सुरी बुडवत होता, त्याच पाण्याने हात धुत होता आणि कापलेल्या फोडी ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर तेच पाणी शिंपडत होता. पाणी बदलत का नाही, असे विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “बाई, सकाळी एक बादली मिळते ती तिकडच्या संडासाच्या नळावरनं. गाडी सोडून पुन्हा कोण जाणार?” त्याच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती. त्याच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नव्हता, हे मी फिरून पाहिले.

फळ आपण शिजवत नाही, त्यामुळे त्यावर आलेला जंतू मारण्याची एकही पायरी शेत आणि तोंड यांच्यामध्ये राहत नाही. कलिंगडाची साल जाड असली तरी ती जमिनीवर, ट्रकमध्ये आणि गोणपाटावर लोळलेली असते, आणि सुरी सालीतून आत जाताना तिच्यावरचे सारे गरात ओढून नेते. लिंबा-संत्र्याच्या आंबटपणात जंतूंना वाढणे जड जाते, पण कलिंगड-खरबुजाचा गर गोड, ओला आणि फारच कमी आंबट असतो. अनुकूल तापमानात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे चार तासांत एकाचे चार हजारांहून अधिक. उन्हातल्या फोडीवर हा वेग थोडा कमी धरला, तरी सकाळी कापलेली फोड संध्याकाळी लहान मुलाच्या हातात देण्याजोगी उरत नाही. अमेरिकेत 2011 साली खरबुजांतून लिस्टेरिया या जंतूची जी साथ पसरली तिच्यात 33 माणसे दगावली, आणि तेथे तर बर्फाचे, वीजेचे, शीतगृहांचे काही कमी नव्हते.

न कापलेले फळही पाण्यामुळे बिघडू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. तापलेले फळ गार पाण्यात टाकले की आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. ते पाणी दूषित असेल तर जंतू थेट गरात जातात, मग घरी आणून फळ कितीही धुवा. 1999 साली अमेरिकेत आयात आंब्यांतून साल्मोनेला या जंतूची साथ आली, तिचा माग काढताना संशय याच पायरीपाशी पोचला : फळमाशी मारण्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया केलेले आंबे नंतर ज्या पाण्यात थंड केले जात होते, ते पाणी शुद्ध नव्हते. आपल्या बाजारांत उन्हात तापलेली द्राक्षे, जांभळे, पेरू भर दुपारी बादलीत बुचकळले जातात.

पाणी बिघडले की काय होते, हे पुण्याला नव्याने सांगायला नको. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू सापडला, तेव्हा सारे शहर पाण्याच्या टाक्यांकडे आणि विहिरींकडे पाहू लागले. हातगाडीखालची बादली मात्र तेव्हाही कोणाच्या यादीत नव्हती.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे, आणि त्याखालच्या नियमांत छोट्या विक्रेत्यानेही पिण्यायोग्य पाणी वापरावे असे लिहिले आहे. 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण दिले, नगर पथविक्रेता समित्या आणल्या. विक्रेता नोंदणी करतो, जागेचे शुल्क भरतो, बाजार समितीत माल घेताना तिथल्या शुल्काचा भारही सोसतो. एवढे सगळे घेऊन आपण त्याला नळ देत नसू, तर त्याच्याकडून शुद्ध पाण्याची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही. त्याला दंड करून बादली स्वच्छ होणार नाही. तो दुसऱ्या नाक्यावर जाईल आणि बादली त्याच्याबरोबर जाईल.

आपल्याच खात्याने 2018 मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केले. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण अशिक्षित ग्राहकालाही गाडीवरचा बर्फ कोणता हे नजरेनेच ओळखता यावे, असा त्यामागचा विचार होता. तसेच काहीतरी पाण्याबाबत करावे, ही माझी विनंती आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींत पाण्यातले क्लोरीन पाहण्यासाठी ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन या द्रावणाची) चाचणी वर्षानुवर्षे केली जाते. दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, खर्चही नगण्य आहे. नगरविकास आणि पणन खात्यांना सोबत घेऊन प्रत्येक मंडईत, आठवडी बाजारात आणि फेरीवाला क्षेत्रात विक्रेत्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ बसवावा, त्या पाण्याची रोज सकाळी ओ.टी. चाचणी व्हावी आणि निकाल खडूने फळ्यावर लिहावा. कापलेली फळे किती वाजता कापली तेही गाडीवर लिहिलेले असावे. माल वाहणारे प्लास्टिकचे क्रेट बाजार समितीतून परत जाताना धुतले जावेत. आज ते वर्षभर तसेच फिरतात.

फेब्रुवारीत कलिंगडांची आवक वाढू लागेल. त्याआधी निदान एका मंडईत असा फळा लागला, तर रोज सकाळी तेथे जाऊन चाचणी करण्याची जबाबदारी मी स्वतः, विनामोबदला, घ्यायला तयार आहे.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, पुणे