'मी' म्हणजे नक्की कोण?

सोलापूर,
शनिवार, रात्री

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजीच्या चाचणीच्या पेपरचा फोटो पाहिला. डायरेक्ट-इनडायरेक्टची, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून सांगायची, पाच वाक्यं, त्यातली चार चुकली, आणि खाली तू लिहिलंयस, "आई, मला हे जन्मात जमणार नाही." वसतिगृहात दहा मिनिटांच्या वर फोन हातात मिळत नाही आणि हा विषय दहा मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

तुझी उत्तरं मी तीनदा वाचली. त्यांत मला आळस कुठेच दिसला नाही. 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं तू लिहिलंस. आता हेच मराठीत म्हणून बघ: 'तो म्हणाला की मी उद्या येईन.' मराठी म्हणून हे वाक्य अगदी बरोबर आहे, रोज आपण असंच बोलतो. तू मराठीची सवय तशीच इंग्रजीत नेलीस, एवढंच झालं. मीसुद्धा पाचवीत एबीसीडी गिरवून नववीत पोचले तेव्हा हेच लिहीत होते. 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'धिस'चं 'दॅट', सगळा तक्ता मला तोंडपाठ होता आणि तरी वाक्य चुकायचं. मला ते उलगडलं ते कितीतरी वर्षांनी, कोर्टात भाषांतरकार म्हणून लागल्यावर.

माझं काम तुला माहीत आहे. खालच्या कोर्टातले मराठी कागद अपिलासाठी उच्च न्यायालयात जायचे असले की ते इंग्रजीत करायचे. फिर्याद, जबाब, पंचनामा, साक्ष. पोलिसांपुढचा जबाब कसा सुरू होतो ते ऐक: 'मी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,' आणि त्या 'की'नंतर माणूस पानभर स्वतःच्या तोंडाने बोलत राहतो. मी शेतात गेलो, मी पाहिलं, मी ओरडलो. लिहून घेणारा हवालदार मध्ये कुठेच दिसत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका जबाबात एक वाक्य आलं: 'तो सगळ्यांसमोर म्हणाला की मी पैसे घेतले.'

इथे थांब आणि मला सांग, पैसे कोणी घेतले?

'तो' स्वतःबद्दल बोलला असेल, तर त्याने चारचौघांत कबुली दिली. जबाब देणाऱ्याबद्दल बोलला असेल, तर त्याने याच्यावर आळ घेतला. मराठीत दोन्ही अर्थ होतात. क्रियापदावरूनही काही कळत नाही, कारण 'घेतले' हे 'पैसे'प्रमाणे चालतं. बोलणारा पुरुष की बाई, एक की दोघं, याचा तिथे पत्ताच लागत नाही. इंग्रजीत मात्र मला निवड करावीच लागणार होती. 'ही सेड दॅट ही हॅड टेकन द मनी' किंवा 'ही सेड दॅट आय हॅड टेकन द मनी'. एका शब्दाचा फरक, आणि त्या एका शब्दावर कोण गुन्हेगार ते ठरणार. मी सगळा जबाब मागेपुढे दोनदा वाचला. पुढे तिसऱ्या पानावर 'माझ्यावर खोटा आळ आणल्याने' असे शब्द सापडले, तेव्हा कुठे पेन टेकवलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की 'ही'चं 'आय' आणि 'आय'चं 'ही' करणं हे पेपरातलं कोडं नाही. इंग्रजी मला विचारत होती, 'बाई, हा "मी" म्हणजे नक्की कोण?'

यातच सगळं आहे, बाळा. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं सांगतो तेव्हा त्याचा आवाज जसाच्या तसा पुढे ठेवतो. ही आपली फार जुनी रीत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात पानोपानी 'सर्वज्ञें म्हणितलें' येतं आणि पुढे स्वामींचे बोल. तेव्हा अवतरणचिन्हं नव्हतीच. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली आणि ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या मराठी शिकलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. त्याआधी शतकानुशतकं 'म्हणितलें', 'म्हणे', 'ऐसें' या शब्दांवर मराठीचं भागलं. ऐकणाऱ्याला कुठे कोण बोलतंय ते कळत होतं. मला आपल्या भाषेची ही रीत फार आवडते. दुसऱ्याचे शब्द मोडायचे नाहीत, हा त्यात एक आदर आहे. वर्तमानपत्रवाल्यांना गोंधळ टाळायचा असतो तेव्हा ते 'आपण' वापरतात: 'आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले.' तिथे 'मी' लिहिलं असतं तर राजीनामा बातमीदाराचा वाटला असता.

इंग्रजीच्या इनडायरेक्टची रीत वेगळी. तिथे बोलतो तो सांगणारा. तो स्वतःच्या जागेवर उभा राहतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द आपल्या जागेवरून कसा दिसतो ते बघतो. त्याचा 'मी' माझ्यासाठी 'तो'. त्याचं 'इथे' माझ्यासाठी 'तिथे'. त्याचं 'आज' माझ्यासाठी 'त्या दिवशी'. आणि त्याचं बोलणं होऊन गेलेलं, म्हणून 'सेड' भूतकाळी असलं की आतलं क्रियापदही एक पायरी मागे सरकतं. 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड', 'हॅज गॉन'चं 'हॅड गॉन', आणि साधा भूतकाळ असला तर तोही मागे जाऊन 'हॅड'वाला होतो. 'सेज' असेल तर बोलणं अजून ताजं आहे, मग काळ हलत नाही, सर्वनामं तेवढी बदलतात. 'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' आधीच मागच्या पायरीवर आहेत, ती तशीच राहतात. तुझं बरोबर आलेलं एकुलतं एक वाक्य 'द अर्थ मूव्हज राउंड द सन' हे होतं. पृथ्वी तेव्हाही फिरत होती, आजही फिरते, म्हणून 'मूव्हज' ठेवलंस ते योग्य केलंस.

आता 'टुमॉरो'बद्दल. हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, ती तुला आठवत असेल.

तू पाचवीत होतास. मंगळवारी संध्याकाळी आजीचा फोन आला, मी घरी नव्हते. ती तुला म्हणाली, "आईला सांग, मी उद्या सकाळच्या एसटीने येते." तू खेळायला गेलास, मग झोपलास, आणि बुधवारी सकाळी शाळेला निघताना मला सांगितलंस, "आजी म्हणाली की मी उद्या सकाळच्या एसटीने येते." मी म्हटलं, उद्या गुरुवार, रजा टाकते. आणि ती माउली त्याच बुधवारी नऊपासून दुपारपर्यंत स्टँडवरच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी मी तुला खूप बोलले. निरोप नीट सांगता येत नाही का, म्हणाले. तू रडत म्हणालास, "पण आजी असंच म्हणाली होती." तू खरं बोलत होतास. एकही शब्द तू बदलला नव्हतास. शब्द बदलायला हवा होता, तो तसाच राहिला म्हणून निरोप चुकला, आणि हे मी तुला तेव्हा समजावून सांगायला हवं होतं. रागावले, ते चुकलंच माझं.

इंग्रजीत 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करतात ते त्या बाकावर बसलेल्या आजीसाठी. म्हणून तुझं वाक्य हवं होतं: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' कोर्टाच्या कागदात याची फार काळजी घ्यावी लागते. फिर्यादी म्हणतो 'काल रात्री'. ते पोलीस ठाण्यात लिहिलं जातं आणि न्यायाधीश वाचतात चार-पाच वर्षांनी. म्हणून जुने जाणते हवालदार लिहितानाच 'काल दिनांक अमुक रोजी' असं लिहितात. 'यस्टरडे'चं 'द प्रीव्हियस डे' करताना तोच विचार कर: ज्या दिवशी तो बोलला, त्याच्या आदला दिवस.

तुझं दुसरं वाक्य: 'शी आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.' यात पुन्हा आपला 'की' डोकावतो. मराठीत 'की' सगळीकडे चालतो: 'तिने विचारलं की तू कुठे राहतोस?' इंग्रजीत प्रश्नात 'व्हेअर', 'व्हाय', 'हाऊ' असलं की तोच शब्द जोडणीचं काम करतो, 'दॅट'ला तिथे जागाच नाही. आणि दुसरं, आता प्रश्न विचारणारा तू नाहीस, म्हणजे तुझ्या वाक्यात प्रश्न उरलेला नाही. विचारलं होतं एवढं तू सांगतोयस. म्हणून 'डू' काढायचा आणि वाक्य सरळ करायचं: 'शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.' शेवटी पूर्णविराम. मराठीत प्रश्न विचारला तरी शब्दांचा क्रम हलत नाही, त्यामुळे तो परत सरळ करायची सवयच आपल्याला नसते. आणि ज्या प्रश्नाच्या शेवटी आपण 'का' लावतो, येतोस का, जेवलास का, तिथे 'इफ' किंवा 'व्हेदर'.

तिसरं वाक्य तर तुला यायलाच हवं होतं, कारण ते मराठीत आधीपासून आहे. 'ओपन द विंडो' याचं तू 'ही सेड मी दॅट ओपन द विंडो' केलंस. पण घरी तू काय म्हणाला असतास? 'सरांनी मला खिडकी उघडायला सांगितली.' ते 'उघडायला' म्हणजेच 'टू ओपन', आणि 'सांगितली' म्हणजे 'टोल्ड'. 'द टीचर टोल्ड मी टू ओपन द विंडो.' 'जाऊ नकोस म्हणून सांगितलं' हे 'टोल्ड मी नॉट टू गो'. इथे आपली भाषा आणि इंग्रजी एकाच वाटेने चालतात. एवढं लक्षात ठेव की 'मला म्हणाला' हे मराठीत चालतं, पण 'सेड मी' इंग्रजीत कधीच चालत नाही. 'सेड टू मी' किंवा 'टोल्ड मी'.

यापुढचं मात्र परीक्षेपेक्षा मोठं आहे, ते निवांत वाच. 'सेड'च्या जागी कोणतं क्रियापद घालायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. मराठीत बघ किती आहेत: बजावलं, विनवलं, सुचवलं, दटावलं, कबूल केलं, नाकारलं, हट्ट धरला. इंग्रजीत 'वॉर्न्ड', 'बेग्ड', 'सजेस्टेड', 'ॲडमिटेड', 'डिनाइड'. माणूस एकच वाक्य बोलतो, 'मी तिथे होतो.' त्याला मी 'ही स्टेटेड दॅट ही हॅड बीन देअर' लिहिलं तर ते त्याचं सांगणं झालं. 'ॲडमिटेड' लिहिलं तर मी त्याच्या तोंडी गुन्ह्याची छटा घातली, आणि तो बिचारा ज्या गावी राहतो त्या गावी होता एवढंच सांगत असेल. आमच्या कार्यालयातल्या एक ज्येष्ठ बाई माझ्या मसुद्यात 'ॲडमिटेड' दिसला की मूळ कागद मागून घ्यायच्या आणि विचारायच्या, 'इथे "कबूल" शब्द आहे का? नसेल तर खोड.' कायद्यातही तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असं 1872 च्या पुरावा कायद्यात होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ज्याने ऐकलं त्यानेच सांगायचं. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगताना किती काय बदलतं, याची जाण त्यामागे आहे. तुमच्या खोलीत भांडण झालं आणि रेक्टरांनी तुला विचारलं तर 'तो म्हणाला' म्हण. 'त्याने धमकी दिली' हे खरंच धमकी दिली असेल तरच.

चुकलेलं चौथं वाक्य, 'हुर्रे! वी हॅव वन द मॅच', याचं उत्तर 'दे एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट दे हॅड वन द मॅच'. असं कोणी बोलत नाही, पण परीक्षेत तेच मागतात. आनंदाला 'जॉय', दुःखाला 'सॉरो', आणि पुढे जा.

वाक्य सोडवायला घेतलंस की तक्त्याकडे वळायच्या आधी समासात पेन्सिलीने लिही: कोण बोललं, कोणाला, कधी, कुठे. आणि त्याखाली: आता कोण सांगतंय, कधी, कुठे. दोन ओळी. मी आजही अवघड साक्ष आली की हेच करते.

आजीने आज संध्याकाळी फोनवर तुझ्यासाठी निरोप दिला आहे. तिच्याच शब्दांत लिहिते: "बाळा, मी उद्या गावाला चालले आहे. तुझा खोकला गेला का? गार पाणी पिऊ नकोस." हे तिने शनिवारी सांगितलं, पत्र तुला मंगळवार-बुधवारी मिळेल. तू तुझ्या मित्राला आजीचा हा निरोप इंग्रजीत सांगतोयस, असं समजून इनडायरेक्टमध्ये लिही. मग तोच निरोप मी शेजारच्या काकूंना सांगतेय असं समजून पुन्हा लिही. दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक, आणि कोणते शब्द बदलले त्यांच्याखाली रेघ मार. रविवारी फोन करशील तेव्हा आधी खोकल्याचं सांग, मग वाक्यं वाचून दाखव.

तुझी,
आई