आजारपणाची रजा: वेळेत आणि लेखी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय अभ्यासक्रमाचा विद्यार्थी गंभीर आजारी पडला की घरून आणि वसतिगृहातून पहिला सल्ला मिळतो, ‘एवढी टर्म कशीतरी काढ.’ वैद्यकीय शिक्षणात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना वाटतं, की एका वर्षाच्या जागी दोन वर्षं जातात ती या ‘कशीतरी’पायीच. म्हणून थोडं तपशिलात लिहीत आहोत.

आधी हजेरीचं गणित. भारतात थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला (प्रयोगशाळेतलं आणि रुग्णांजवळचं शिक्षण) ८० टक्के हजेरी लागते, तीही प्रत्येक विषयाची वेगळी. एका विषयातली भरघोस हजेरी दुसऱ्याच्या कामी येत नाही. समजा, एका विषयाची १०० क्लिनिकल सत्रं आहेत. त्यातली ४० झाली आणि विद्यार्थ्याने २२ केली. उरलेली साठच्या साठ केली तरी बेरीज ८२ होते, म्हणजे यापुढे फक्त दोन चुकवता येतील. समोर शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी असेल तर हे जमणार नाही, हे त्याच दिवशी कागदावर दिसतं. तरीही अनेक जण ताप अंगावर काढत वॉर्डात उभे राहतात आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात अपात्रांच्या यादीत स्वतःचं नाव वाचतात. डॉक्टरांचा दाखला गैरहजेरीचं कारण सांगतो, गैरहजेरी भरून काढत नाही. हा गैरसमज फार जुना आहे.

परीक्षेचंही तसंच. फॉर्म भरून झाला असेल तर मागे घेण्याची शेवटची तारीख आधी पाहावी. एक पेपर देऊन पुढचे आजारपणामुळे सोडले, तर बऱ्याच ठिकाणी तो पूर्ण प्रयत्न धरला जातो. भारतात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी चारच प्रयत्न आहेत आणि प्रवेशापासून नऊ वर्षांनंतर अभ्यासक्रम चालू ठेवता येत नाही. रीतसर घेतलेली एक वर्षाची रजा नऊ वर्षांत बसते. वाया घालवलेले प्रयत्न मात्र परत मिळत नाहीत.

अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे करावा, प्रत विभागप्रमुखांना द्यावी आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. ‘सरांना सांगितलंय’ याला फाइलमध्ये किंमत नसते. अर्जात रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, शेवटची पूर्ण झालेली पोस्टिंग (एखाद्या विभागातली कामाची पाळी) व इंटर्नल (महाविद्यालयाची अंतर्गत परीक्षा) कोणती, कोणती परीक्षा देणार नाही आणि परतल्यावर कोणत्या बॅचबरोबर बसायचं आहे, हे लिहावं. दाखल्यावर तपासणीची तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि विद्यार्थ्याला सध्या काय करता येणार नाही (रात्रपाळी, सलग उभं राहणं, संसर्गजन्य रुग्णांजवळ जाणं) हे हवं. ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढ्या एका ओळीवर रजेचा अर्ज पाहणारी समिती काहीच ठरवू शकत नाही. दाखला देणारे नातेवाईक नसावेत आणि उद्या याच विद्यार्थ्याला गुण देणारे शिक्षकही नसावेत. मागील तारखेचा दाखला तर कोणी मागूही नये, कोणी देऊही नये. आजार खरा असला तरी तो कागद खोटा ठरतो, आणि मग चौकशी आजाराची होत नाही.

मनाच्या आजारांत सगळ्यात जास्त घोळ होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात २०१६ साली ४३ देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली, आणि त्यांच्यातल्या जेमतेम १५.७ टक्क्यांनी मानसोपचार घेतले होते. (उरलेल्यांत स्वतःच स्वतःची गोळी ठरवणारे किती, हा वेगळाच विषय.) जे उपचार घेतात ते बहुधा पंधरा दिवसांची रजा मागतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, झोप बिघडणं, अस्वस्थता जास्त जाणवते. म्हणजे पंधराव्या दिवशी विद्यार्थी परततो तेव्हा दुष्परिणाम अंगात असतात आणि फायदा अजून दिसत नसतो. दुसरी चूक उलट टोकाची: दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळी बंद. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ती चालू ठेवावी लागते, म्हणून रुजू होण्याची तारीख आणि औषध थांबवण्याची तारीख एक नसावी. जीव नकोसा वाटू लागला असेल तर अर्ज, हजेरी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. कागद घरचे नंतर पाहतील.

रजेच्या काळात ‘वेळ वाया जाऊ नये’ म्हणून ओळखीच्या वॉर्डात जाऊन रुग्ण तपासणं पूर्ण टाळावं. रजेवरचा विद्यार्थी त्या दिवशी महाविद्यालयाच्या जबाबदारीत नसतो. सुई टोचली किंवा रुग्णाला इजा झाली तर मागे कोणी उभं राहत नाही. शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्ती, विमा आणि वसतिगृहाची खोली यांच्या अटी रजा सुरू होण्याआधी वाचाव्यात. परदेशी शिकणाऱ्यांनी वर्ग थांबवण्यापूर्वी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाशी बोलावं.

परतण्याची तयारी मात्र महिनाभर आधीपासून करावी. तंदुरुस्तीचा दाखला ‘फिट’ या एका शब्दाचा नको, कामानुसार हवा. मिरगी असलेल्याला जागरणाने झटका येऊ शकतो; बायपोलर आजारातही झोपमोड धोक्याची असते. अशा आजारांवरच्या लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट या औषधांनी हात थरथरत असतील तर शस्त्रक्रिया विभाग पहिल्या महिन्यात ठेवू नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला क्षयाच्या वॉर्डापासून दूर ठेवावं आणि जिवंत जंतूंची लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस अर्धवट राहिले असतील तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिलेले पूर्ण करावेत; शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी (संरक्षक प्रथिनं) १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आहेत ना, हे पाहावं. सीपीआरची (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याची) सफाई काही महिन्यांतच ओसरते, तेव्हा कॅज्युअल्टीत पाठवण्याआधी पुतळ्यावर सराव करून घ्यावा. पहिले दोन-तीन आठवडे रात्रपाळी नको.

महाविद्यालयांकडे मागणी एवढीच: रजेचे नियम एका पानावर तारखांसह सूचना फलकावर लावा, अर्ज घेणारी एक व्यक्ती नेमा आणि आजाराचे कागद विभागाच्या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या बंद पाकिटात ठेवा. रजा संपल्यावर ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान मंजूर वैद्यकीय रजेवर’ असं पत्र विद्यार्थ्याला न मागता द्या. त्यात आजाराचं नाव लिहू नका. पुढे पदव्युत्तर प्रवेशात, नोकरीत किंवा परदेशी नोंदणीत मधल्या वर्षाबद्दल विचारतात तेव्हा हेच पत्र दाखवावं लागतं, आणि पाच-सात वर्षांनी ते मिळवायला गेलं तर तेव्हाचा कारकून बदललेला असतो.

आपले,
वैद्यकीय शिक्षण क्षेत्रातील काही अध्यापक