खारपाणपट्ट्यातील जनावरांच्या पाण्याचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याविषयी, म्हणजे जिथे जमिनीतले पाणीच खारट आहे त्या भागाविषयी, वृत्तपत्रांत येते ते बहुतेक माणसांच्या पाण्याबद्दल आणि पिकांबद्दल. नळाला धरणाचे गोडे पाणी आले की घरातील भांडी भरतात. गोठ्यातला हौद मात्र बोअरच्याच पाण्याने भरला जातो आणि चार दिवसांत त्याच्या काठावर क्षारांचा पांढरा थर धरतो.

हे पाणी जनावराला एकदम आजारी पाडत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. पाणी थोडे खारट असले तर अंगातले मीठ बाहेर टाकण्यासाठी जनावर जास्त पिते. खारटपणा फार वाढला की ते हौदाला तोंड लावून मागे सरते. पाणी कमी गेले की कडबा कमी खाल्ला जातो, म्हैस दूध कमी देते आणि वासरू अंग धरत नाही. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर हगवण लागते, शिवाय चाऱ्यातले तांबे अंगी लागत नाही, त्यामुळे केसांचा रंग उडतो. खुराक चांगला असूनही जनावर का खंगते, याचे उत्तर अनेकदा हौदातच असते.

लिटरमागे 1000 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार सर्व जनावरांना चालतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 3000 च्या पुढे कोंबड्यांची विष्ठा पातळ होऊन त्यांची वाढ मंदावू लागते, 5000 च्या पुढचे पाणी गाभण व दुभत्या जनावरांना देऊ नये आणि 10000 च्या वरचे कोणालाच पाजू नये. मेंढ्या त्यातल्या त्यात जास्त खारटपणा सोसतात. उन्हाळ्यात हौदातले पाणी आटून अधिक खारट होते आणि नेमकी त्याच वेळी जनावरांची तहान वाढलेली असते, म्हणून हौदात वरून भर न घालता तो रिकामा करून धुणे आणि पाणी खारे असल्यास खुराकात मीठ टाकण्यापूर्वी पशुवैद्यकांना विचारणे, एवढे तरी प्रत्येक पशुपालकाला करता येईल.

घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनमधील रोज दरडोई 55 लिटरचा हिशेब माणसांपुरता आहे. माझी मागणी एवढीच, की खारपाणपट्ट्यातील प्रत्येक गावच्या बोअरच्या पाण्यातील एकूण क्षार व सल्फेट तपासून तो अहवाल पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावा, आणि जिथे पाणी जनावरांना पाजण्याजोगे नाही तिथे निदान गाभण जनावरे व वासरांसाठी शेततळ्यातील किंवा नळाच्या गोड्या पाण्याचा वेगळा हौद उन्हाळ्यापूर्वी बांधून द्यावा.

आपला,
एक पशुपालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती