ऑनलाइन अभ्यासक्रमातील न दिसणारा गोंधळ

माननीय संपादक महोदय,

विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीची चर्चा बहुधा चित्रफितींचा दर्जा, इंटरनेटचा वेग आणि परीक्षेतील कॉपी यांच्याभोवतीच फिरते. शिकणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले आहे, याचा विचार क्वचितच होतो.

मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, समोरचा अभ्यास आपल्या आवाक्यातला वाटतो का आणि त्याचे मोल वाटते का, या दोन गोष्टींवर विद्यार्थ्याच्या भावना मुख्यतः अवलंबून असतात. मोल वाटते, पण यशाची खात्री नसते, तेव्हा चिंता वाटते. मोलच वाटेनासे झाले की कंटाळा येतो. सिडनी डीमेलो आणि आर्थर ग्रेसर या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की कठीण विषय शिकताना होणारा गोंधळ सुटला तर विद्यार्थी पुन्हा अभ्यासात गुंततो, आणि तसाच राहिला तर त्याचे रूपांतर आधी वैतागात व मग कंटाळ्यात होऊ शकते. म्हणजे गोंधळ होणे हा दोष नव्हे, तो अनुत्तरित राहणे हा दोष आहे.

प्रत्यक्ष वर्गात कपाळावरची आठी पाहून शिक्षक थांबतात, उदाहरण बदलतात. ऑनलाइन अभ्यासक्रमातले ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान मागे नेऊन पुन्हा ऐकता येते, ही सोय मोठीच आहे. पण ते प्रत्येक वेळी त्याच शब्दांत तेच सांगते. शिवाय वर्गात शेजाऱ्यालाही कळले नसल्याचे दिसते, तर पडद्यासमोर एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला आपल्यालाच जमत नाही असे वाटू लागते, आणि मग शंका विचारण्याचीच लाज वाटते. माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथे होते.

कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती हा यावरचा उपाय नाही. चेहरे वाचणाऱ्या संगणकप्रणाली तर मुळीच नकोत, कारण चेहऱ्यावरून मनातले खात्रीने ओळखता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक घटकाच्या शेवटी ‘कुठे अडलात?’ असे विचारावे, नाव न देता उत्तर देण्याची मुभा असावी आणि आलेल्या शंका सर्वांसमोर मांडून त्यांचे निरसन स्वाध्यायाची मुदत संपण्यापूर्वी करावे. यासाठी लागणारा वेळ विद्यापीठांनी शिक्षकांच्या कार्यभारात अध्यापनाचे तास म्हणूनच मोजावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक